फोरमनला डायरेक्ट चालत नसे

वयाने मोठ्या माणसाबद्दल लिहिताना ‘ते’ लिहायचं, असं मला घरी शिकवलेलं आहे. तोंडावर मी आमच्या फोरमनला कायम ‘तुम्ही’च म्हणत आले. पण राग आला की मनातल्या मनात माझा माणूस एकेरीत उतरतो, आणि या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तेव्हा इथे तो ‘तो’च राहील. ज्याला खटकेल त्याने वाचताना मनात सुधारून घ्यावं.

मस्कतला मी एका बोटींच्या कंपनीत बुकिंग काउंटरवर बसते. आमच्या बोटी सकाळी पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेतात, दुपारी खडकांमधल्या छोट्या खाड्यांमध्ये पोहायला. बोटी लहान, आणि प्रत्येकीच्या पाठीला बाहेरून अडकवलेलं एक जुनं इंजिन. ही इंजिनं कंपनीने कधी नवी घेतली होती ते कोणालाच आठवत नाही. ती चालत होती, कारण फोरमन होता. कागदावर त्याचं पद काहीतरी वेगळं, लांबलचक होतं. पण मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला फोरमनच म्हणत. मालवणकडचा, गाबितांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या घरातला, समुद्रावरच वाढलेला. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा.

त्याचं कौतुक करायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगते. तो उद्धट होता. जेवायच्या सुट्टीत तो आपल्या पिकअपमध्ये एसी लावून एकटाच बसायचा, आणि बाजूच्या सीटवर टिफिन ठेवायचा, म्हणजे उन्हात उभं असलेलं कोणी आत येऊ नये. जेवताना मोबाईलवर मराठी बातम्यांमधली भांडणं मोठ्या आवाजात लावायचा आणि आतून स्वतःही भांडायचा. बाहेरून काच बंद असल्यामुळे आम्हाला फक्त हातवारे दिसायचे. कोणाचं काम चांगलं झालं तर तो गप्प बसे. वाईट झालं तर जेटीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा गंज चढतो, तो फोरमन खायच्या सोड्याने आणि दात घासायच्या ब्रशने काढायचा. त्यासाठी ऑफिसातल्या सगळ्यांकडून जुने ब्रश मागायचा. माझ्या बॅगेतला नवा कोरा ब्रश एकदा त्याने न विचारता उचलला. मी विचारायला गेले तर म्हणाला, “जुनो होतलोच ना कधीतरी?”

इंजिन चालू होत नाही अशी तक्रार घेऊन कोणी गेलं, तर तो जागचा हलत नसे. आधी विचारायचा, “आवाज कसो इलो?” समोरचा वर्णन करू लागला की हाताने थांबवायचा. वर्णन नको. तोंडाने आवाज काढून दाखवायचा. किल्ली फिरवल्यावर इंजिनातून जो काही आवाज आला असेल तो हुबेहूब, आणि तोही मराठीत. मराठीत कारण त्याचा सगळा हिशेब त्या आवाजांवर बसवलेला होता. काहीच आवाज नाही, तर किल्ली, फ्यूज नाहीतर गिअरचा स्विच. एकच ‘टक’, तर करंट स्टार्टरच्या दारापर्यंत येतोय पण आत जात नाही, तेव्हा जाड वायरी आणि त्यांची टोकं बघायची. ‘टकटकटकटक’, तर बॅटरी मेली. ‘कर्रर्र कर्रर्र’ होऊनही पेटत नाही, तर आधी कॅप्टनची लाल दोरी. ही दोरी कॅप्टनच्या मनगटाला असते आणि तिची क्लिप इंजिनाच्या बटणात. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. ती जागेवर नसेल तर इंजिन नुसतंच फिरत राहतं.

आमचे कॅप्टन बांगलादेशी, केरळी, ओमानी, बलुची. सगळ्यांना हे आवाज पाठ झाले होते. “फोरमन, आज टक वाला है,” असं एक बलुची कॅप्टन गंभीरपणे येऊन सांगायचा. मला सुरुवातीला हसू यायचं. मग लक्षात आलं की हा माणूस हे गंमत म्हणून करत नाही आणि यात गंमत वाटलेली त्याला आवडतही नाही.

हे आवाज काढायला एकाच माणसाने नकार दिला होता. आमचा मॅनेजर. आपलाच, मराठी. इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात मधूनमधून ‘ॲक्च्युअली’, आणि पाण्यात पाय बुडवायची तयारी शून्य. एकदा तो वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणाला, “फोरमन, त्या निळ्या बोटीचं इंजिन नुसतं क्लिक होतंय.”

“क्लिक म्हणजे काय? फोटो काढलात काय?”

“अहो, क्लिक. क्लिक साउंड.”

“एक की खूप?”

“मी काय मोजत बसलो होतो?”

“मग जावा, ऐकून येवा. आणि तोंडान काढून दाखवा.”

मॅनेजर लाल झाला. तो आवाज काढेना, हा उठेना, आणि काउंटरसमोर टोप्या घालून बसलेले पाहुणे मला विचारायला लागले की बोट कधी निघणार. शेवटी आमचा अर्बाब, म्हणजे मालक, पांढऱ्या पायघोळ दिश्दाशात फिरत फिरत तिथे आला. वयस्कर, शांत माणूस. काय भानगड आहे ते त्याने ऐकून घेतलं, स्वतः बोटीत जाऊन किल्ली फिरवली, परत आला आणि सगळ्यांसमोर ओठ पुढे काढून म्हणाला, “टकटकटकटक.”

“बॅटरी,” म्हणाला फोरमन आणि उठला.

मालकाने आवाज काढला, तुला काय झालं होतं, हे मॅनेजरला कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती. पुढे एकदा त्याने घरच्या पाहुण्यांना बोटीतून फिरवायला नेलं, इंजिन पेटेना म्हणून भर समुद्रातून फोन केला, आणि ती लाल दोरी त्याच्या स्वतःच्याच खिशात निघाली. फोरमनने ही गोष्ट मस्कतमधल्या यच्चयावत मराठी माणसांना सांगितली असावी, कारण आमच्या अल अमेरातच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी ती मलाच परत सांगितली. असल्या गोष्टी मॅनेजर विसरणाऱ्यातला नव्हता.

आता त्या शब्दाकडे येते.

आखातातल्या कुठल्याही वर्कशॉपात, मग ते इब्रीचं गॅरेज असो की सोहारची फॅक्टरी, ‘डायरेक्ट’ हा एक मंत्र आहे. एखादा स्विच बिघडला, नवा मिळत नाही, वेळ नाही. मग त्या स्विचच्या दोन्ही वायरी कापायच्या, एकमेकींना पिळायच्या, वरून काळी टेप. झालं डायरेक्ट. मशीन चालू. माझे मिस्टर सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, आठवड्याच्या सुट्टीला घरी येतात. त्यांनी आमच्या घरातली इस्त्रीसुद्धा डायरेक्ट करून ठेवली आहे.

फोरमनला हा शब्द चालत नसे. कामात तर नाहीच, बोलण्यातही नाही. त्याची भाषा काही शुद्ध नव्हती, तिच्यात इंग्रजी, हिंदी, अरबी सगळं खिचडीसारखं होतं. वावडं फक्त या एका शब्दाचं. मी एकदा म्हणाले, “मुंबईची डायरेक्ट फ्लाइट मिळाली.” तर म्हणाला, “विमान सरळ जाता म्हण. डायरेक्ट म्हणा नको.” मी कारण विचारलं. मला वाटलं मागे काहीतरी घडलं असेल, कोणाचा हात गेला असेल, एखादी कथा ऐकायला मिळेल. तो म्हणाला, “माका आवडणा नाय.” बस्स. वर आणखी, “तुका भेंडी आवडणा नाय, तेचा कारण मी विचारलंय?” आता या माणसाशी काय बोलायचं!

त्याच्या या वावड्यातला खरा मुद्दा गिअरच्या स्विचचा होता. इंजिन न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय किल्ली फिरवून काही होऊ नये, म्हणून प्रत्येक इंजिनात एक छोटासा स्विच असतो. लिव्हर पुढे किंवा मागे असेल तर किल्ली कितीही फिरवा, आवाजसुद्धा येत नाही. कारण गिअरमध्ये इंजिन चालू झालं तर बोट उडी मारते आणि मागचा पंखा त्याच क्षणी फिरायला लागतो. पाठीमागे पाण्यात कोणी असेल तर त्याचं काय होईल ते सांगायला नको. आमच्या जुन्या इंजिनांचे हे स्विच एकामागोमाग एक खराब व्हायला लागले होते आणि नवे बाहेरून मागवावे लागत होते. फोरमनने ज्या बोटींचे स्विच गेले त्या सरळ पाण्याबाहेर काढून ठेवल्या. ऐन हंगाम, हिवाळा, जहाजं भरभरून पाहुणे, आणि आमच्या बोटी जमिनीवर. मॅनेजर रोज येऊन ओरडायचा. हा रोज ब्रशने बॅटरीची टोकं घासत बसायचा.

मग फोरमन सुट्टीवर गावी गेला. परत आला तेव्हा सगळ्या बोटी पाण्यात होत्या. “नवे स्विच आले, बसवून घेतले,” मॅनेजर म्हणाला. बाहेरून कोणी माणूस आणला होता म्हणे. फोरमन म्हणाला, बोटी वर काढा, मला बघू दे. मॅनेजर म्हणाला, उद्या, इन्शाल्ला. दुसऱ्या दिवशीही उद्या. सकाळी फोरमन यायच्या आत बोटी गेलेल्या असायच्या, आणि परत येईतो दुसरे पाहुणे जेटीवर उभे. इन्शाल्ला हा शब्द देवाच्या नावाचा आहे. आमच्या मॅनेजरने त्याची टाळाटाळ करून टाकली होती.

माझी मुलगी सई तेव्हा अकरावीत होती. जन्म इथला, शाळा इथली, मैत्रिणींशी बोलणं इंग्रजीत. मराठी कळतं सगळं, पण बोलताना शब्द शोधत थांबते. ऑफिसात आली की फोरमन तिला मुद्दाम विचारायचा, “काय गो बाय, जेवलंस?” ती म्हणायची, “येस अंकल.” मग हा कानाला हात लावून “काय? काय म्हणालंस?” असं करत बसायचा, तिच्या तोंडून ‘हो, जेवले’ येईपर्यंत. इंग्रजी त्याला उत्तम समजत असे. पोरीला छळायची हौस, दुसरं काही नाही. ती त्याला टाळायला लागली होती.

एका सुट्टीच्या दिवशी सई आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणी आमच्याच एका बोटीतून गेल्या. कॅप्टन बांगलादेशी तरुण, सभ्य मुलगा. दुपारी वारा उठला. माझा फोन वाजला आणि सई रडवेल्या आवाजात म्हणाली, “आई, बोट स्टार्ट होत नाहीये. आम्ही रॉक्सकडे जातोय.”

एका खाडीत नांगर टाकून मुली पोहल्या होत्या. निघायच्या वेळी इंजिन चालू होईना. वाऱ्याने नांगर घसरत चालला होता आणि बोट खडकांकडे सरकत होती. कॅप्टनचा फोन पाण्यात पडलेला. तो स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून बोट मागून ढकलून धरत होता. दुसरी बोट आम्ही लगेच सोडली, पण ती तिथे पोहोचायला वेळ लागणार होता, आणि वारा कोणासाठी थांबत नव्हता. मी फोन घेऊन वर्कशॉपकडे पळाले. पळता पळताच ओरडत होते, “फोरमन, त्यांना सांगा डायरेक्ट कसं करायचं! पान्याने दोन टोकं जोडायची ना? सांगा लवकर!”

त्याने माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, “बाय, आवाज कसो इलो?”

“इट्स क्लिकिंग,” सई म्हणाली.

“तोंडान काढून दाखव.”

मी अजून सांगते, त्या क्षणी माझ्या हातात काही जड असतं तर मी त्याच्या डोक्यात घातलं असतं. माझी मुलगी खडकावर आपटायला निघाली आहे, मागे पोरी किंचाळताहेत, आणि हा माणूस तिची परीक्षा घेतो आहे! मी म्हणाले, “तिला मराठी येत नाही नीट, तुम्हाला माहीत आहे! आत्ता हे करायची वेळ आहे का?” त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. “किल्ली फिरव आणि काढ आवाज. एक की खूप?”

पलीकडे तिने किल्ली फिरवली. मग सईचा आवाज आला, बारीक, लाजल्यासारखा. “टक.”

“एकच?”

“हो. एकच. टक.”

“बरा. आता लिव्हर खंय आसा? पुढे, मागे, की मधी?”

माझा तोल सुटला. इतकी वर्षं त्या वर्कशॉपच्या दारात उभी राहून मलाही एवढं कळत होतं: लिव्हर गिअरमध्ये असेल तर टक येतच नाही. टक आला म्हणजे लिव्हर मधेच आहे. मग विचारायचं कशाला? मी त्याच्या शर्टाला धरलं. “वायर सांगा तिला! वायर!”

“पुढे,” सई म्हणाली. “म्हणजे... फ्रंटला आहे.”

फोरमन गप्प झाला. गप्प म्हणजे एकदम. मी त्याचा शर्ट धरलेला होता म्हणून मला जवळून दिसलं, त्याचा चेहरा पांढरा पडला. मग मलाही कळलं. लिव्हर पुढे आणि तरी टक. म्हणजे त्या इंजिनात स्विचच नव्हता. कोणीतरी तो डायरेक्ट करून ठेवला होता, आणि फोरमनला हे एका पोरीच्या तोंडून, फोनवर कळत होतं.

“कॅप्टन खंय आसा?”

“पाण्यात. मागे. पुश करतोय. अंकल, मी परत की फिरवू?”

“किल्लीक हात लावू नको!” तो इतक्या जोरात ओरडला की पलीकडे सई रडायला लागली. “किल्ली काढ. काढून हातात घी. घेतलंस? आता कॅप्टनाक वर बोलव. आधी तेका बोटीत घे.”

“पण मग बोट रॉकला लागेल!”

“लागू दे.”

कॅप्टन वर चढला आणि बोट खडकाला लागली. तो आवाज मी फोनवर ऐकला. असा आवाज कोणत्याच आईला ऐकू येऊ नये. पोरी किंचाळल्या. फोरमन संथपणे, एकेक शब्द वेगळा करून हिंदीत कॅप्टनशी बोलत होता. लिव्हर मधे घे. पाण्यात कोणी नाही ना, मोज सगळ्यांना. आता बॅटरीवरची काळी वायर हलवून बघ. ढिली आहे? पिळून घट्ट कर, हाताने, जेवढी होईल तेवढी. आता मुलीला सांग किल्ली लावायला. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी खाली सिमेंटवरच बसले.

त्याने फोन माझ्या हातात दिला. माझ्या मुलीचा जीव वाचला होता, त्या पोराचे पाय वाचले होते. मी त्याच्या पाया पडायला निघाले होते, खरंच. आणि हा माणूस मला म्हणाला, “तुझ्या चेडवाक जरा मराठी शिकव.”

बोट आली. पोरींना ब्लँकेटं, पाणी, रडणं, आया-बाप. एका बाजूला खरवडलेली बोट. फोरमन कोणाकडे न बघता बोटीत उतरला, इंजिनावरचं झाकण काढलं आणि आत हात घालून दोन वायरी बाहेर ओढल्या. एकमेकींना पिळलेल्या, वरून काळी टेप. मॅनेजर जेटीवरच उभा होता. फोरमनने त्या त्याला दाखवल्या, तेवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. जो माणूस ढिल्या नटासाठी जेटी डोक्यावर घ्यायचा, तो तेव्हा नेमका गप्प. मलाच ओरडावं लागलं. मी मॅनेजरला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द मला परत घ्यायचा नाही.

संध्याकाळी अर्बाबने सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मलाही, मुलीची आई म्हणून. मॅनेजर तयारी करूनच आला होता. म्हणाला, कॅप्टनने लिव्हर गिअरमध्ये ठेवून किल्ली दिली, चूक कॅप्टनची आहे, त्याला घरी पाठवा. वायरिंगचं मला काही माहीत नाही, ते वर्कशॉपचं काम. बाहेरून आणलेला माणूस कुठे आहे, तर तो देश सोडून गेला. बाकी बोटी अगदी उत्तम आहेत, उद्या सकाळची बुकिंग भरलेली आहेत, त्या बंद ठेवायचं कारण काय? कॅप्टन पोरगा दाराशी उभा, ओठ सुकलेले. घरी पाठवला तर त्याची नोकरी गेली, पुन्हा बोटीवर कोणी उभं करणार नव्हतं.

मला वाटलं, आता फोरमनचं तोंड उघडेल. मी वाटच बघत होते. तो उठून उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, “अर्बाब, वायरिंग डायरेक्ट है. एक नहीं, सब बोट में. मैंने किया.”

तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मी खुर्चीतून उठले. “काय बोलताय तुम्ही? तुम्ही तर गावी होता!” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “गप रव.” आणि परत अर्बाबकडे: “कॅप्टन का कुछ गलती नहीं. मेरी गलती. सब बोट अभी पानी से बाहर. नया स्विच आएगा, लगेगा, तब चलेगी.” मॅनेजर खाली बघत होता. निदान खाली बघत होता, एवढं तरी म्हणते. अर्बाब फोरमनकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला कळलं होतं. ज्या माणसाने त्याला स्वतःला टकटक करायला लावलं, तो माणूस वायरी पिळून टेप मारणार नाही, हे त्याला कळलेलं होतं. तरी तो म्हणाला, “खलास.” बोटी बंद. कॅप्टन कामावर. फोरमनचा व्हिसा रद्द.

पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. म्हणाले, “खोटं का बोललात? सरळ खरं का नाही सांगितलंत?”

पिकअपचं दार उघडत तो म्हणाला, “खरा सांगूक बसलंय तर उद्या सकाळी बोट जातली.”

त्याचा हिशेब मला कळला. कोणी केलं यावर वाद सुरू झाला असता; मॅनेजर नाही म्हणाला असता, वर्कशॉपने बोट दाखवलं असतं, चौकशी लांबली असती, आणि तोवर बोटी चालूच. करणारा समोर उभा राहिला की वाद संपतो आणि वायरी उघडाव्या लागतात. त्या उघडल्यावर आणखी बोटींत काळी टेप निघालीही. हिशेब कळला, पण पटला नाही. आजही पटत नाही. असं स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायचा अधिकार माणसाला कोणी दिला? ज्याने ते करवून घेतलं तो मॅनेजर अजून आपल्या केबिनमध्ये बसतो. बाकी सगळे रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणतात. मी म्हणत नाही.

घरी सईने विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “पण आई, त्यांना माहीतच नव्हतं ना. फोनवर ही गॉट सो क्वाएट. मी ऐकलं.” एवढं एका सोळा वर्षांच्या मुलीला कळतं.

नवे स्विच आले, बसले, तोवर तो मालवणला पोहोचलाही होता. मग मी बोलायला सुरुवात केली. सगळ्यांना सांगितलं. अर्बाबच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “मालूम है, मॅडम.” मी विचारलं, मग? त्याने हात वर केले. वर्कशॉपमध्ये सांगितलं, तर लोक मान हलवायचे आणि चहा प्यायला लागायचे. झालं गेलं, आता सोडा ना मॅडम.

आता नवा फोरमन आहे. तरुण, हुशार, बोलायला गोड. गेल्या आठवड्यात मी पावती द्यायला वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा तो नव्या भरती झालेल्या लोकांना इंजिन दाखवत होता. स्विचवर बोट ठेवून हिंदीत म्हणाला, “याला कधीही डायरेक्ट करायचं नाही. इथे आधी एक म्हातारा फोरमन होता. त्याने केलं होतं. पोरी मरता मरता वाचल्या. नोकरी गेली, तोंड लपवून घरी गेला. कोणी मॅनेजर सांगू दे, मालक सांगू दे, त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवायची.” सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. एकाने तर कानाच्या पाळ्या पकडल्या.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तिथेच त्या फोरमनला झापलं, मग बाहेर येऊन मालवणला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, बघा, काय नाव करून ठेवलंय तुमचं. भूत करून ठेवलंय. मॅनेजर म्हणाला तरी कोणी त्या स्विचला हात लावत नाही, तुमचं नाव घेऊन घाबरतात. मी हे खोडून काढणार आहे, एकेकाला धरून सांगणार आहे.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे आता कोण करणा नाय ना?”

“नाही करत. पण...”

“मग कोणाक काय सांगू नको,” म्हणाला आणि हसायला लागला. मोठ्याने, पोट धरून हसावं तसा. इतक्या वर्षांत मी त्याला कधी हसताना ऐकलं नव्हतं. मी रागाने फोन कट केला.